तळीराम नसता तर

२०१७ च्या एप्रिलात उस्मानाबादला ९७ वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन भरलं. सरकारी कागदांवर जिल्ह्याचं नाव धाराशिव व्हायला तेव्हा अजून सहा वर्षं होती, पण बाजारात आणि एसटी स्टँडवर दोन्ही नावं सुखानं नांदत होती. आमच्याकडचा एप्रिल म्हणजे दुपारी बाराला रस्ते ओस पडतात. त्या उन्हात अध्यक्ष म्हणून मंचावर बसले होते जयंत सावरकर. मूळचे गुहागरचे, वयाच्या ८१ व्या वर्षात.

संमेलनाचा अध्यक्ष म्हटलं की गाजलेला नाटककार किंवा जाहिरातीत सगळ्यात वर नाव छापला जाणारा नट डोळ्यांसमोर येतो. सावरकर उभ्या आयुष्यात बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची भूमिका करत आले होते. शंभरावर नाटकं, तीसहून अधिक चित्रपट, शिवाय मालिका. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, पण नाव चटकन आठवायचं नाही, अशी त्यांची प्रसिद्धी. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं ते ‘मी एक छोटा माणूस’. अशा माणसाला आमच्या जिल्ह्यात मानाच्या खुर्चीवर बसवलं गेलं, याचं मला आजही अप्रूप आहे. संमेलन नाटकाचं होतं हे खरं. पण मराठीत नाटकाचा दुय्यम नट आणि सिनेमाचा दुय्यम नट बहुतेक वेळा एकच असतो. सकाळी शूटिंग, रात्री प्रयोग.

सावरकरांची एक भूमिका जाणकारांच्या कायम लक्षात राहिली, ती ‘एकच प्याला’मधल्या तळीरामाची. गडकऱ्यांच्या या नाटकात सुधाकर आणि सिंधू ही मुख्य माणसं. रडू येतं ते त्यांच्यासाठी. पण सुधाकराच्या हाती पहिला पेला देतो तो तळीराम. तो देणारा हात लोभस नसला, त्याच्या बोलण्याला मोहिनी नसली, तर सुधाकरासारखा हुशार वकील घसरेलच कशाला? तळीराम कच्चा निघाला तर अख्खं नाटक खोटं पडतं. दुय्यम भूमिकेचं सगळं मोल या एका पेल्यात आहे.

सिनेमात हे काम आणखी अवघड होतं, कारण तिथं आपण दिसतोच असं नाही. कॅमेरा नायिकेच्या चेहऱ्यावर लावलेला असतो. तिचा बाप झालेला नट कॅमेऱ्याच्या शेजारी, उजेडाबाहेर उभा राहून आपली वाक्यं बोलतो. याला क्यू देणं म्हणतात. या शॉटमध्ये त्याचा केसही येणार नसतो. तरीही त्याचा आवाज कापरा झाला तरच तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. चांगला नट अशा वेळी जीव ओतून क्यू देतो. वेळेची किंवा पैशांची ओढाताण असली की त्या नटाला घरी पाठवतात आणि एखादा सहायक कागदावरून ती वाक्यं सपाट वाचून दाखवतो. नायिका वाऱ्याशी बोलल्यासारखी बोलते, आणि प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण चुकल्याचं कळतं.

सावरकर २४ जुलै २०२३ ला गेले. त्यांचा जन्म ३ मे १९३६ चा. ३ मे हीच तारीख १९१३ साली मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला त्या दिवसाची. म्हणून इथून मागं जाऊ या.

दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात अण्णा साळुंके नावाचा आचारी काम करत होता. अंगानं सडपातळ, हात नाजूक. महिना दहा रुपयांचे पंधरा करून फाळक्यांनी त्याला आणलं असं सांगतात, आणि तो भारताच्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची नायिका झाला. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही झाले. नटांना घरी सिनेमात काम करतो म्हणायची लाज वाटे. फाळक्यांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहे म्हणा. वांगणीला चित्रीकरणासाठी गेलेली मंडळी ढाल-तलवारी घेऊन हिंडताना पाहून दरोडेखोर आले असं गावाला वाटलं आणि पोलिसांनी सगळ्यांना पकडून ठेवलं, हा किस्साही त्याच चित्रपटाचा. पुढं २००९ साली परेश मोकाशींनी या सगळ्यावर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ केला. त्यात फाळके झाले नंदू माधव, आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या गेवराईचे.

पण त्या फॅक्टरीतलं मला सगळ्यांत थोर वाटणारं माणूस म्हणजे सरस्वतीबाई फाळके. साठ-सत्तर माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक त्या करत. रात्री मुलं निजल्यावर अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मच्या कडेला भोकं पाडत. ही भोकं यंत्राच्या दातांत बसली नाहीत तर चित्र थरथरतं. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून तासन्‌तास उभ्या राहत, नटाच्या तोंडावर उजेड परतवायला. आज हेच काम थर्माकोलचा मोठा तक्ता धरून लाइट विभागातला पोऱ्या करतो. म्हणजे या देशातली पहिली लाइट धरणारी व्यक्ती एक बाई होती, आणि कडेवरचं मूल खाली ठेवून ती उभी होती. चित्रपटाच्या इतिहासात मात्र तिचा उल्लेख बराच काळ फाळक्यांची पत्नी इतकाच होत राहिला.

पुढचा मुक्काम कोल्हापूर. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास स्वतःच्या कारखान्यात कॅमेरा घडवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल पुढं १९२९ साली व्ही. शांताराम वगैरेंबरोबर ‘प्रभात’ उभारतात. दामले ध्वनिमुद्रणाचं काम अंगावर घेतात, फत्तेलाल कलादिग्दर्शनाचं. १९३३ ला कंपनी पुण्याला येते. तिथं नट, सुतार, रंगारी, शिंपी सगळे महिन्याच्या पगारावर. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीस तुकाराम आहेत आणि त्यांची जिजाई झाली आहे गौरी. ही बाई ‘प्रभात’मध्ये आली ती एक्स्ट्रा म्हणून, गर्दीत उभी राहायला. चित्रपट पुन्हा पाहा. तुकाराम आभाळाकडं बघतो तेव्हा चूल, म्हैस, पोरं आणि रिकामी कणगी यांची आठवण ठेवणारी ती आहे. ती इतकी खरी आहे म्हणून तो संत वाटतो. नाहीतर नुसता आळशी माणूस वाटला असता.

या सगळ्या काळात आमचा जिल्हा कुठं होता? नकाशावर सोलापूरला लागूनच होता, पण राज्य निजामाचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत उस्मानाबाद हैदराबाद संस्थानात होतं, आणि मुंबई राज्यात आलं ते १९५६ ला. बार्शी लाइटची चिमुकली आगगाडी येडशीवरून लातूरला जायची, जिल्ह्याचं गाव बाजूला ठेवून. थेट मोठ्या रुळांची गाडी शहरात यायला या शतकाचं पहिलं दशक संपत आलं. म्हणजे कोल्हापूर-पुण्यात स्टुडिओ उभे राहत होते, माणसं कामाला लागत होती, तेव्हा आमच्या गावचा पोरगा ‘जरा स्टुडिओत बघून येतो’ म्हणून निघू शकत नव्हता.

याचा परिणाम पडद्यावरच्या भाषेवर झाला आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मराठी सिनेमातलं खेडं बराच काळ कोल्हापूर-साताऱ्याचं खेडं राहिलं. पाटील, पैलवान, तमासगीर, सगळे तिकडच्या सुरात बोलणारे, कारण कंपनीत पगारावर असलेली माणसं तिकडची होती. आमच्याकडं ‘काय करायलास?’ म्हणतात, ‘कुठं चाललाव?’ म्हणतात. निवड-चाचणीला गेलेल्या मराठवाड्याच्या मुलाला दोनच पर्याय असत. पुस्तकी मराठी बोल, नाहीतर पडद्याला ठाऊक असलेली ग्रामीण बोली उसनी घे. आईच्या तोंडची भाषा तिसरी, तिला जागा नव्हती. मग वाट्याला यायचा हवालदार, गडी, मोर्चातला माणूस. तो काही बोलतच नाही, त्यामुळं प्रश्नच मिटला.

पण सिनेमा आमच्यापर्यंत आला, आणि तो तंबूतून आला. येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा चैत्री पौर्णिमेला भरते. लोक चुन्याचे खडे वेचतात, बैलगाड्यांनी रान भरून जातं. पूर्वी अशा जत्रांत टुरिंग टॉकीजचे तंबू पडायचे. मध्ये कनात, एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. माझी जागा ठरलेली, यंत्राजवळ. पडद्यापेक्षा मला ऑपरेटर बघायला आवडायचा. यंत्राच्या पोटात कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींकडं टोकं करून जळत असत आणि त्या ठिणगीचा उजेड पडद्यापर्यंत जायचा. कांड्या जळून आखूड होत, म्हणून तो दर थोड्या वेळानं एक चक्री बोटभर फिरवायचा. विसरला की पडदा पिवळा पडायचा. रीळ तुटलं की तंबू शिट्ट्यांनी भरून जायचा. तो न बोलता तुटकी टोकं ब्लेडनं खरवडायचा, सिमेंट लावून दाबायचा, आणि त्या उग्र वासात मिनिटभरात नायक पुन्हा पळायला लागायचा. सकाळी आम्ही पोरं तंबूमागं जाऊन तांबड्या मुलाम्याचे कार्बनचे तुकडे आणि फिल्मचे कपटे गोळा करायचो. तो ऑपरेटर नायकाइतकाच सिनेमाचा माणूस होता, पण कुठल्याच चित्रपटाच्या नामावलीत त्याचं नाव असणं शक्य नव्हतं. महाराष्ट्रातल्या या शेवटच्या तंबूवाल्यांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला आणि २०१६ ला तो कान महोत्सवात नावाजला गेला.

त्या तंबूंत हमखास चालायचा तो तमाशापट. १९५९ चा अनंत मान्यांचा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंदला १३१ आठवडे चालला. त्यात चमकलेल्या जयश्री गडकर याआधी शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’त समूहात नाचणाऱ्या मुलींपैकी एक होत्या. मागच्या रांगेतून पुढं येता येतं, याचं हे उदाहरण लोक आनंदानं सांगतात. मला मात्र इथं गणपत पाटलांबद्दल लिहायचं आहे, कारण ते पुढं आले आणि त्याची किंमत त्यांना जन्मभर मोजावी लागली.

गणपत पाटील कोल्हापूरचे. घरची गरिबी, पडेल ते काम करत वाढलेले. जयशंकर दानव्यांच्या ‘ऐका हो ऐका’ या नाटकात त्यांना नाच्याची भूमिका मिळाली आणि मग ती अंगाला चिकटली ती चिकटलीच. फडातला तो बायकी हावभावांचा पुरुष, कमरेवर हात, मान वेळावून ‘आत्ता गं बया!’ म्हणणारा. तमाशापट निघाला की नाच्या हवा, आणि नाच्या म्हणजे गणपत पाटील. ‘सांगत्ये ऐका’, ‘सवाल माझा ऐका’, ‘केला इशारा जाता जाता’, ‘गण गवळण’, अशी ती रांग मोठी आहे.

या भूमिकेचं तंत्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. लावणी चालू असते. कॅमेरा नर्तकीवर. पाच मिनिटं सलग तिच्यावरच राहिला तर डोळा थकतो. समोर बसलेल्या गावच्या पाटलावर गेला तर नुसती वखवखलेली नजर दिसते आणि घरच्या बायाबापड्यांना संकोच वाटतो. मग कॅमेरा नाच्यावर जातो. तो एक मुरका मारतो, तंबू हसतो, मन मोकळं होतं, आणि कॅमेरा पुन्हा नर्तकीवर यायला मोकळा. नर्तकी आणि पुरुषी गर्दी यांच्यामध्ये तो भिंतीसारखा उभा असतो. कथेत तो बहुतेक वेळा तिचा एकमेव भरवशाचा माणूस असतो, निरोप नेणारा, संकटाची चाहूल देणारा. हे सगळं एका अचूक क्षणी करायचं असतं. अर्धा ठोका उशीर झाला की ते बीभत्स दिसतं. गणपत पाटलांचा ठोका चुकला नाही.

पण लोकांनी भूमिका आणि माणूस यांतला फरक ठेवला नाही. चारचौघांसारखा संसार असलेल्या या गृहस्थाला रस्त्यात टाळ्या वाजवून चिडवलं जाई. त्याची झळ बायकोला, मुलांना लागली, मुलांची लग्नं जुळवताना लागली. दुसऱ्या भूमिका मिळेनात. ‘रंग नटरंगाचे’ या आत्मकथनात त्यांनी स्वतःची कहाणी मांडली. २३ मार्च २००८ ला ते कोल्हापुरात वारले. खलनायक रंगवणाऱ्या निळू फुलेंनाही असं सोसावं लागलं. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, सेवादलात वाढलेला हा सालस माणूस, पण खेड्यातल्या बाया त्यांना पाहून पदर सावरत. तरी खलनायकाच्या वाट्याला दरारा येतो. नाच्याच्या वाट्याला तोही येत नाही.

अपघातानं दुसऱ्या रांगेत आलेल्याही आहेत. येवल्याच्या ललिता पवार नायिका होत्या. १९४२ साली एका चित्रीकरणात मास्टर भगवान यांचा हात जोरात लागला, चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. तीन वर्षांच्या उपचारांनंतर त्या परतल्या त्या सासू होऊन. त्याच बारक्या डोळ्यानं त्यांनी देशभरच्या सुनांना धडकी भरवली, आणि ‘अनाडी’तली प्रेमळ मिसेस डीसा करून साहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअरही घेतलं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मात्र १९५४ पासून दिले जात असताना, साहाय्यक नटनटींसाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू झाला तो १९८४ च्या चित्रपटांपासून. पहिली साहाय्यक अभिनेत्री ठरली आपली रोहिणी हट्टंगडी, ‘पार्टी’साठी. तळीरामाची दखल घ्यायला सरकारला तीस वर्षं लागली. प्रकाशयोजना करणारे, सेटिंग लावणारे, कंटिन्युइटी सांभाळणारे यांच्यासाठी तर आजही त्या यादीत रकाना नाही.

सोलापूर-बीड रस्त्यानं रात्री जाताना येडशी सोडल्यावर चोराखळी, येरमाळा या पट्ट्यात कला केंद्रांचे दिवे लागतात. इथं संगीत बारी चालते. तंबूतला तमाशा वेगळा, बारी वेगळी. नाचणाऱ्या मुली, एक-दोन गाणाऱ्या, पेटी, तबला, ढोलकी, आणि समोर बैठकीला बसलेलं गिऱ्हाईक. फर्माईश होईल तशी लावणी. ढोलकीवाल्याचं लक्ष गाण्याकडं नसतं, नाचणारीच्या टाचेकडं असतं. तिची टाच जमिनीला लागायच्या आधी त्याचं बोट शाईवर पोचलेलं असतं. मराठी सिनेमानं लावणी उचलली ती अशा घरांतून. अदा इथली, चाली इथल्या, ठेका इथला. नायिका बाहेरची, आवाज पार्श्वगायिकेचा, आणि बारीवाल्या बाया मागच्या ओळीत टाळ्या वाजवायला.

म्हणून १९९२ च्या चित्रपटांचे राष्ट्रीय पुरस्कार मला फार मोलाचे वाटतात. जब्बार पटेलांच्या ‘एक होता विदूषक’साठी सर्वोत्कृष्ट नृत्यदिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना. लावणीतल्या बाईनं सिनेमाला काय शिकवलं ते एकदा तरी देशाच्या कागदावर नोंदलं गेलं. त्याच चित्रपटात तमासगीर आईची भूमिका केली मधू कांबीकरांनी. त्या स्वतः लावणीच्या परंपरेतल्या. पुढच्याच वर्षी ‘झपाटलेला’त त्या लक्ष्याची भाबडी आई झाल्या. आमच्या भागातल्या कलावंतिणींना मात्र म्हातारपणी आधार कशाचा, तर राजर्षी शाहू महाराज यांच्या नावानं असलेल्या कलावंत मानधन योजनेचा. ते मानधन २०२४ ला महिना ५,००० रुपये झालं. पण त्यासाठी आपण कलावंत होतो याचे पुरावे जोडावे लागतात. जिचा फोटो कुठं छापला नाही आणि जिचं नाव कुठल्या पाटीवर आलं नाही, तिनं कसला पुरावा आणायचा? पायाला पडलेले घट्टे अर्जाला जोडता येत नाहीत.

आता माझ्या ओळखीच्या एका तरुणाबद्दल. नाव लिहीत नाही. भूम तालुक्यातला आहे. बापाची खव्याची भट्टी. लहानपणापासून कढईपुढं उभा राहून दूध आटवलेलं, हात थांबला की खवा करपतो हे अंगात मुरलेलं. आयटीआयला वायरमन केलं, पुण्यात मांडववाल्याकडं जनरेटरवर लागला, तिथून सिनेमाच्या लाइटवर. आता रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीनं जाऊन-येऊन असतो. तापलेल्या दिव्याची झडप तो ज्या सफाईनं फिरवतो, ती भट्टीवरची सफाई आहे, हे मला त्याला काम करताना पाहून कळलं. खिशाला कपडे वाळत घालायचे दहा-बारा लाकडी चिमटे लावलेले असतात. दिव्यापुढं रंगीत जेली लावायला प्लॅस्टिकचा चिमटा चालत नाही, वितळतो. कॅमेरामन नुसता हात हलवतो. दोन बोटं खाली म्हणजे दिवा उतरव, मूठ म्हणजे बंद. थेट ध्वनिमुद्रण असलं की तोंडानं हाक मारायची सोय नाही, म्हणून जनरेटरही दोन शेतं ओलांडून उभा करतात आणि तिथपासून केबल हा खांद्यावर वाहतो.

तो युनिटचा असतो, चित्रपटाचा नसतो. दिवे भाड्यानं देणारा पुरवठादार आपल्या दिव्यांबरोबर माणसंही पाठवतो. शिफ्ट संपली की दुसरीकडं. एका निर्मात्याकडं त्याचे कित्येक महिन्यांचे पैसे अडकले होते, फोन उचलणं बंद झालं होतं. मालिकांच्या धंद्यात तर काम झाल्यावर ९० दिवसांनी पैसे हाच रिवाज मानला जातो. याच्या बापाला डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी मिळतं. ‘दूध तरी बरं,’ बाप एकदा म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता, काळजी होती.

कायदा नाही असं नाही. १९८१ साली संसदेनं सिने कामगारांसाठी कायदे केले. लेखी करार हवा, तीन चित्रपटांत काम केलेल्याला भविष्यनिर्वाह निधी हवा, असं त्यांत होतं. मुंबईत १९५६ पासून सिने कर्मचाऱ्यांचा महासंघ आहे, त्यात तीसहून अधिक कामांच्या संघटना. त्यांनी शिफ्टचे तास ठरवून घेतले, दर ठरवून घेतले, हे मोठं काम आहे. पण संघटनेचं कार्ड हीसुद्धा एक भिंत होऊ शकते. सिने मेकअपवाल्यांच्या संघटनेनं दशकानुदशकं बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड दिलं नाही. बायांनी फक्त केस करायचे, तोंड रंगवायचं पुरुषांनी. चारू खुराना यांनी झगडा दिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले. महाराष्ट्रात पाच वर्षं राहिल्याची अटही त्यात गेली. ज्या धंद्यात पहिली चादर सरस्वतीबाईंनी धरली, तिथं बाईला हातात ब्रश धरायला १०१ वर्षं लागली.

भाषेचा प्रश्न मात्र आमच्याच परिसरातल्या माणसांनी हलवला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. ‘फँड्री’साठी त्यांना जब्या सापडला तो हलगी वाजवताना, केम गावचा सोमनाथ अवघडे. त्याला अभिनय ठाऊक नव्हता, पण हलगी अंगात होती. ती गळ्यात अडकवली की खांदे कसे होतात, पाय कसा पडतो हे कुठल्या शिबिरात शिकवता येत नाही. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘सैराट’मध्ये माढा तालुक्यातला तानाजी गळगुंडे आला, आणि नायकाच्या मित्राला खरीखुरी करमाळी भाषा मिळाली. मग बार्शीच्या विनोद कांबळे यांनी आपल्याच गावात ‘कस्तुरी’ केला. सफाईकाम आणि शवविच्छेदनाच्या खोलीतलं काम करणाऱ्या घरातल्या पोराची गोष्ट. २०१९ च्या सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार तिला मिळाला. बार्शी म्हणजे आमच्या वेशीवरचं गाव, बाजाराला रोज जाणं-येणं. अशा चित्रपटांत शेजारीण खरी शेजारीण असते, चहाच्या टपरीवरचा माणूस खरा टपरीवाला. एकदा जिवंत माणसं पाहिली की प्रेक्षकाला उसनी बोली ऐकवत नाही. आता कळंब-वाशीकडची पोरं निवड-चाचणीला गेली की त्यांना ‘तुमच्या भाषेत बोला’ असं सांगितलं जातं. ‘काय करायलास’ला पहिल्यांदाच मोल आलं आहे.

मागच्या दिवाळीत मी त्या भूमच्या मुलाच्या घरी गेलो होतो. त्याच्या युनिटनं काम केलेला एक चित्रपट मोबाइलवर आला होता. घरची मंडळी ओसरीवर बसून बघत होती, मोबाइल पितळी तांब्याला टेकवलेला. चित्रपट संपला, नावं वर सरकायला लागली, आणि लगेच कोपऱ्यात पुढच्या चित्रपटाची चौकट उघडली. त्यानं घाईनं बोट लावून पडदा थांबवला. बारीक अक्षरांत दिवे पुरवणाऱ्याचं नाव होतं. माणसांची नावं नव्हती.

‘ह्यात तू कुठं हाईस?’ आईनं विचारलं.

त्यानं चित्रपट मागं नेला. रात्रीचा प्रसंग, अंगणात बाज, म्हातारी नातीला थोपटते आहे, लिंबाच्या पानांतून चांदणं पडलं आहे. ‘माय, त्या दिवशी आवस होती,’ तो म्हणाला. ‘शेजारच्या पाण्याच्या टाकीवर दिवा चढवला होता आम्ही. रात्रभर मी वर बसून होतो, वाऱ्यानं हलू नये म्हणून धरून.’

आई बराच वेळ त्या बाजेकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘पुन्यांदा लाव की तेवढं.’